नगर, नामावली आणि हृद्रोग : जोखीम-घटकांच्या अभ्यासाचा इतिहास

१

दफ्तराचा अभ्यासक जी पहिली शिस्त शिकतो ती अशी की, हाती आलेली यादी वाचण्यापूर्वी ती कोणी केली, कोणत्या हेतूने केली आणि तीत कोणाची नावे आली नाहीत, हे पाहावे. वसुलीसाठी केलेली खानेसुमारी वसुलीस उपयोगी पडणाऱ्या गोष्टीच मोजते. फौजेची हजेरी फौजेबाहेरच्या माणसाविषयी मुकी असते. यादी खोटी असते असे नव्हे. परंतु ती किती खरी आहे हे तिच्या जन्मकथेवरूनच ठरते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट नवी नाही. वैद्यकातील संख्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

आज कोणत्याही शहरातील चाळिशी ओलांडलेला मनुष्य वैद्याकडे गेला, तर त्याचा रक्तदाब मोजला जातो, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि साखर तपासली जाते, तंबाखूविषयी विचारपूस होते; आणि या सर्वांची बेरीज करून पुढील दहा वर्षांत त्यास हृदयविकार होण्याचा संभव शेकडा किती, हे सांगितले जाते. मनुष्य त्या वेळी आजारी नसतो. तरीही त्याच्या भवितव्याविषयी एक अंक उच्चारला जातो आणि त्या अंकावरून त्याने जन्मभर औषध घ्यावे की नाही, याचा निर्णय होतो. हा अंक कोठून आला? तो कोणत्या नगरातील, कोणत्या माणसांच्या नोंदींवरून काढला गेला? आणि त्या नगराबाहेरील माणसास तो कितपत लागू पडतो? प्रस्तुत निबंधाचा हेतु या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने विचार करण्याचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : नागर लोकांमधील हृद्रोगाच्या जोखमीचे आपले ज्ञान हे मूलतः काही थोड्या नामावलींचे ज्ञान आहे, आणि त्या नामावलींचे गुणदोष त्या ज्ञानात उतरले आहेत.

२

विसाव्या शतकाच्या आरंभी सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र प्रामुख्याने साथीच्या रोगांचे शास्त्र होते. जंतू सापडावा, त्याचा मार्ग शोधावा, तो मार्ग बंद करावा, अशी त्याची रीत होती. हृद्रोगास ही रीत लागू पडत नव्हती, कारण त्यास एक जंतू नाही, एक दिवस नाही आणि एक कारण नाही. रोहिणीच्या भिंतीत मेदयुक्त थर साचण्यास दशके लागतात. लक्षण दिसते ते अखेरीस, आणि कित्येकांच्या बाबतीत पहिले लक्षण म्हणजे मृत्यूच असतो. अशा रोगाचा अभ्यास रुग्णालयात बसून करणे म्हणजे लढाई संपल्यावर रणांगणाची पाहणी करण्यासारखे होते.

१९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मृत्यूंपैकी सुमारे निम्मे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत होते. याच काळातील एक प्रसिद्ध उदाहरण तत्कालीन वैद्यकाची मर्यादा स्पष्ट करते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची मार्च १९४४ मध्ये हृद्रोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासणी केली, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्या दिवशीची नोंद ३००/१९० अशी आहे. जगातील एका अत्यंत सामर्थ्यवान पुरुषाच्या अंगी हा विकार सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढत गेला आणि त्यावर परिणामकारक उपाय कोणापाशीच नव्हता. तत्कालीन वैद्यकात या उच्च रक्तदाबास ‘आवश्यक’ या अर्थाचे विशेषण लावले जाई. वयाबरोबर कठीण झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराने स्वतःच केलेली ती सोय होय, असा अनेकांचा समज होता. शब्द कधी कधी विचाराची वाट किती काळ अडवून धरतो, याचे हे एक उद्‌बोधक उदाहरण म्हणावे लागेल.

जून १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय अधिनियमावर स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील फ्रेमिंगहॅम या नगरात एक दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. बोस्टनपासून सुमारे २० मैलांवरील या नगराची वस्ती तेव्हा अदमासे २८,००० होती. नगराची निवड यदृच्छेने झालेली नव्हती. याच गावात १९१६ ते १९२३ या काळात एका विमा कंपनीच्या द्रव्यसाहाय्याने क्षयरोग-निवारणाचा मोठा प्रयोग झाला होता. गावकऱ्यांस आरोग्यतपासणीची आणि वैद्यांस सामूहिक नोंदींची सवय होती; शिवाय हार्वर्ड विद्यापीठातील तज्ज्ञ जवळच होते. क्षयरोगाने तयार करून ठेवलेल्या शेतात हृद्रोगाच्या अभ्यासाचे बी पेरले गेले, असे म्हणता येईल. पुढे मुंबईचा विचार करताना या गोष्टीची आठवण ठेवावी लागेल.

३

पाहणीचे आद्य प्रवर्तक गिल्सिन मेडर्स यांची कल्पना गावातील इच्छुक नागरिकांस बोलावून त्यांची तपासणी करण्याची होती. लोकमताच्या दृष्टीने ही रीत सोयीची. संख्याशास्त्राच्या दृष्टीने दुबळी. जो मनुष्य आपण होऊन तपासणीस येतो, तो सर्वसामान्य नागरिकाचा प्रतिनिधी नसतो. पाहणी नव्या राष्ट्रीय हृदय संस्थेकडे गेल्यावर संख्याशास्त्रज्ञ फेलिक्स मूर यांच्या आग्रहाने पद्धत बदलली आणि गावाच्या रहिवाशांच्या यादीतून यादृच्छिक नमुना काढण्याचे ठरले.

या नमुन्याचा हिशेब लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. ६,५०७ व्यक्ती निवडण्यात आल्या. त्यांपैकी ४,४६९ तपासणीस आल्या, म्हणजे शेकडा ६९ च्या किंचित आत. उरलेल्या २,०३८ आल्या नाहीत. संख्या भरून काढण्यासाठी पूर्वी स्वेच्छेने आलेल्यांपैकी ७४० जणांचा समावेश करण्यात आला आणि एकूण आकडा ५,२०९ झाला. त्यांत पुरुष २,३३६ आणि स्त्रिया २,८७३. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत जो ५,२०९ हा आकडा येतो, तो अशा रीतीने दोन निरनिराळ्या तत्त्वांची बेरीज आहे. त्यांत न आलेल्या २,०३८ व्यक्तींचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या बेरजेतच दडून राहिला.

हे दाखविण्यात त्या संशोधकांना उणेपणा आणण्याचा हेतु नाही. उलट, स्वतःच्या नमुन्याचा हिशेब त्यांनी उघड मांडला म्हणूनच आपणांस आज ही चिकित्सा करता येते. शिवाय या पाहणीची दोन वैशिष्ट्ये तिच्या काळाच्या पुढची होती. पहिले, तीत स्त्रियांची संख्या निम्म्याहून अधिक होती. हृदयविकार हा पुरुषांचा रोग असे मानण्याच्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. दुसरे, दर दोन वर्षांनी त्याच व्यक्तीस पुन्हा बोलावून तपासण्याचा नियम दशकानुदशके पाळला गेला. पाहणीतर्फे औषधोपचार केला जात नसे; तपासणीचे निष्कर्ष त्या व्यक्तीच्या कुटुंबवैद्याकडे पाठविले जात. गावातील वैद्यांचा विश्वास या एका नियमाने राखला गेला.

थॉमस डॉबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये चार वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६०/९५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब असणाऱ्यांत हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण सुमारे चौपट आढळले. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि इतरांनी सहा वर्षांचा वृत्तान्त दिला. उच्च रक्तदाब, रक्तातील अधिक कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या विद्युत्‌-आलेखातील विशिष्ट बिघाड ही लक्षणे पुढील रोगाची पूर्वसूचना देतात, असे त्यात दाखविले होते. ‘जोखमीचे घटक’ ही संज्ञा या लेखाच्या शीर्षकातून वैद्यकात रूढ झाली. संज्ञा साधी दिसते, पण तिने विचारात मोठा पालट घडविला. जोखीम-घटक हे रोगाचे लक्षण नव्हे आणि जुन्या अर्थाने कारणही नव्हे. निरोगी माणसाच्या ठायी असलेले ते एक वैशिष्ट्य आहे, जे रोगाचा संभव वाढविते. निरोगी आणि रोगी या दोन अवस्थांच्या मध्ये जोखीमग्रस्त ही तिसरी अवस्था या संज्ञेने निर्माण केली. पूर्वी ‘आवश्यक’ म्हणून सोडून दिलेला रक्तदाब आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

४

याच सुमारास लंडनमध्ये दुसऱ्या एका यादीवरून निराळ्या दिशेने काम चालू होते. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या वाहतूक-सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर आसनावर बसून असतो. वाहक मात्र दिवसभर जिने चढतो व उतरतो. दोघांचा मालक एक, नगर एक, सामाजिक स्तरही जवळजवळ एकच. तरीही हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले आणि झालेला विकारही तुलनेने सौम्य होता. शारीरिक श्रमाचे महत्त्व दाखविणारा हा पहिला मोठा पुरावा मानला जातो.

यादीच्या अभ्यासकास मात्र यापुढील प्रकरण अधिक महत्त्वाचे वाटेल. चालक बसून राहिल्यामुळे त्यास रोग होतो, की ज्यास रोग होण्याचा संभव अधिक असा मनुष्यच चालकाची नोकरी पत्करतो? या शंकेचा माग काढण्यासाठी याच गटातील संशोधकांनी १९५६ मध्ये एका अनपेक्षित साधनाचा आश्रय घेतला. ते साधन म्हणजे नोकरांस दिल्या जाणाऱ्या गणवेशांची मापे. त्यांत असे आढळले की, चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक असे आणि हा फरक तरुण वयातही दिसे. म्हणजे दोन गट आरंभापासूनच सर्वस्वी सारखे नव्हते. पहिला निष्कर्ष यामुळे रद्द झाला नाही, पण तो किती सावधपणे वाचला पाहिजे हे स्पष्ट झाले. आपल्याच सिद्धान्ताविरुद्ध शिंप्याच्या वहीतून साक्ष काढणाऱ्या या संशोधकांची वृत्ती कोणत्याही इतिहासकारास अनुकरणीय वाटावी.

५

फ्रेमिंगहॅममधील नोंदी वाढू लागल्या तशी एक गणिती अडचण पुढे आली. एका घटकाचा परिणाम पाहण्यासाठी लोकांचे गट पाडून कोष्टक करता येते. परंतु सात घटक घेतले आणि प्रत्येकाच्या तीन पायऱ्या केल्या, तर कोष्टकात २,१८७ घरे होतात. २,३३६ पुरुष या घरांत वाटले तर सरासरी प्रत्येक घरात एकच मनुष्य येतो. रोग्यांची संख्या त्याहून कितीतरी थोडी. अशा कोष्टकातून काहीच निष्पन्न होत नाही.

जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९६२ मध्ये यावर मार्ग काढला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा संयुक्त परिणाम त्यांनी एका समीकरणाने मांडला. त्यात घटकांच्या मूल्यांस योग्य भार देऊन बेरीज केली जाते आणि त्या बेरजेवरून रोगाचा संभव शून्य व एक यांच्या दरम्यान येतो. १९६७ मध्ये ट्रुएट, कॉर्नफील्ड आणि कॅनेल यांनी हीच पद्धत सात घटकांस लावली. १९७६ मध्ये व्यवहारात वापरता येईल अशी जोखमीची सारणी आली. १९९८ मध्ये तिचे नवे रूप आले आणि ते जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले.

या गणिताचे ऐतिहासिक मर्म असे की, त्याने समूहाविषयीचे विधान व्यक्तीविषयीच्या विधानात रूपांतरित केले. ‘या गावात असे असे घडले’ हे वाक्य इतिहासाचे आहे. ‘तुमची जोखीम शेकडा बारा आहे’ हे वाक्य भाकिताचे आहे. पहिल्या वाक्यात गावाचे नाव आहे. दुसऱ्यात ते गळून पडले आहे. पुढील सर्व वादांचे मूळ या गळालेल्या नावात आहे.

येथे आणखी एक वस्तुस्थिती नमूद करणे अवश्य आहे. १९७० च्या आसपास सरकारी द्रव्यसाहाय्य आटल्यामुळे ही पाहणी बंद पडण्याच्या बेतास आली होती. खासगी देणग्या आणि बॉस्टन विद्यापीठाचा आश्रय यांमुळे ती टिकली. १९७१ मध्ये मूळ व्यक्तींच्या अपत्यांचा ५,१२४ जणांचा गट आणि २००२ पासून नातवंडांचा गट अभ्यासात घेण्यात आला. तीन पिढ्यांची ही नोंद त्या कठीण काळात थांबली असती, तर आज आपल्या हाती असलेले पुष्कळसे ज्ञान नसते.

६

भारतातील अभ्यासाकडे वळताना प्रथम मुंबईतील एका कार्याचा निर्देश केला पाहिजे. ज्या काळात फ्रेमिंगहॅममध्ये लोकांचा रक्तदाब मोजणे सुरू झाले, त्याच काळात, १९४९ मध्ये, मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीच्या प्रयोगाचा वृत्तान्त ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. आयुर्वेदास परिचित असलेली ही वनस्पती त्यायोगे जगभरच्या वैद्यांच्या नजरेस आली. १९५७ मध्ये डॉ. वकील यांस अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. जोखीम मोजणे आणि ती कमी करणे ही दोन कामे अशा रीतीने दोन खंडांत, परस्परांहून स्वतंत्रपणे, एकाच वेळी सुरू झाली होती. औषधाने रक्तदाब उतरविल्यास आपत्ती खरोखरच टळते, हे नियंत्रित प्रयोगाने सिद्ध होण्यास मात्र १९६७ आणि १९७० साल उजाडावे लागले. ते कार्य अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झाले.

भारतीय लोकसमूहातील हृद्रोगाचा व्यापक अभ्यास प्रथम ज्या नामावलींवरून झाला, त्यांत रेल्वेची नामावली प्रमुख होय. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या पाच वर्षांतील रेल्वे-नोकरांच्या मृत्यूंचा अभ्यास करून १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिणेकडील नोकरांत हृद्‌रोहिणीविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उत्तरेकडील नोकरांच्या सुमारे सातपट होते. वस्तुतः आहारातील स्निग्ध पदार्थांचे प्रमाण उत्तरेत कितीतरी अधिक होते. आहारातील मेद आणि हृद्रोग यांचा सरळ संबंध जोडणाऱ्या तत्कालीन मतास हा मोठा आक्षेप होता.

हा निष्कर्ष वाचतानाही यादीचे स्वरूप लक्षात ठेवले पाहिजे. रेल्वेची नामावली म्हणजे पगारपत्रक. तीत येणारा मनुष्य नोकरीस लागताना वैद्यकीय तपासणीतून निवडलेला असतो. निवृत्त झाला की तो यादीतून नाहीसा होतो. आणि स्त्रिया तीत फारच थोड्या. हृदयविकाराचे प्रमाण ज्या वयात सर्वांत वाढते, नेमके ते वय या यादीच्या बाहेर पडते. तथापि एका गोष्टीत ही यादी अद्वितीय होती : एकच मालक, एकच सेवानियम आणि संपूर्ण देशाचा विस्तार. प्रांताप्रांतांतील तुलना करण्यास त्या काळात याहून सोयीचे साधन दुसरे नव्हते.

नगरातील सर्वसामान्य प्रौढांची पाहणीही याच दशकात सुरू झाली. चंडीगढमधील तीस वर्षांवरील २,०३० व्यक्तींची पाहणी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे दिल्लीत २५ ते ६४ वयोगटातील १३,७२३ प्रौढांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष १९९० मध्ये आले. तिच्याशी जोडून केलेल्या ग्रामीण भागाच्या पाहणीशी तुलना करता, हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण शहरात सुमारे तिपटीहून अधिक दिसून आले. हे अभ्यास एका वेळी घेतलेल्या छायाचित्रासारखे होते. कोणास रोग आहे हे त्यांतून कळते. रोग होण्यापूर्वी तो मनुष्य कसा होता, हे कळत नाही. शिवाय ज्याचा हृदयविकाराने तडकाफडकी मृत्यू झाला तो छायाचित्रात येतच नाही.

७

ही उणीव भरून काढणारा मोठा प्रयत्न मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात ३५ वर्षे व त्यावरील १,४८,१७३ मुंबईकरांची नोंद केली आणि १९९७ ते २००३ या काळात त्यांच्या घरी पुन्हा जाऊन पाठपुरावा केला. अभ्यासाचा मुख्य विषय तंबाखू हा होता; पण रक्तदाब आणि शरीराचे वजन व उंची यांच्याही नोंदी घेण्यात आल्या. त्या काळात नवलाचे वाटावे असे हातात मावणारे संगणक वापरून पाहणी करणाऱ्यांनी घरोघर जाऊन माहिती टिपली.

या अभ्यासाची नामावली म्हणजे मतदारयादी. भारतासारख्या देशात शहरातील प्रौढांची इतकी सर्वव्यापी यादी दुसरी नाही. लोकशाहीने स्वतःसाठी तयार केलेले साधन येथे आरोग्यशास्त्राच्या कामी आले. पण या यादीतूनही काही भाग वगळावा लागला. उच्च-मध्यम व उच्च वर्गाच्या बंदोबस्तातील गृहसंकुलांत पाहणी करणाऱ्यांस प्रवेश मिळणे अवघड असल्याने अशी मतदानकेंद्रे निवडीतून बाजूस ठेवण्यात आली. सामान्यतः याद्यांतून गरीब गळतात; येथे श्रीमंत गळले. म्हणून हा अभ्यास मुख्यतः मुंबईच्या कष्टकरी आणि मध्यम वर्गाचा अभ्यास आहे, असे समजूनच तो वाचला पाहिजे. ज्या वर्गाचे वर्णन आरोग्यविषयक साहित्यात ‘शहरी जीवनशैली’ या शब्दांनी वारंवार केले जाते, तो वर्गच यात अत्यल्प आहे.

त्याचे निष्कर्ष या दृष्टीने बोलके आहेत. पाठपुराव्यात १३,२६१ मृत्यूंची नोंद झाली. विडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचे सापेक्ष प्रमाण १.६४ आणि सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ आढळले. विडी लहान, तंबाखू थोडी, म्हणून ती कमी घातक, हा लोकसमज त्यामुळे टिकण्याजोगा राहिला नाही. पाश्चात्त्य सारण्यांत विडी हा शब्द नाही. तपकीर, मिश्री आणि पानातील तंबाखू यांना तर स्थानच नाही. दुसरा निष्कर्ष वजनाविषयीचा. मृत्यूचे सर्वाधिक प्रमाण या समूहात अत्यंत कृश व्यक्तींत आढळले आणि त्यात क्षयरोगाचा वाटा मोठा होता. फ्रेमिंगहॅममध्ये क्षयरोगाचे प्रकरण संपल्यावर हृद्रोगाचे प्रकरण उघडले होते. मुंबईत दोन्ही प्रकरणे एकाच वेळी, कित्येकदा एकाच चाळीत, उघडी होती. एका नगराच्या इतिहासातील क्रम दुसऱ्या नगरावर लादता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

८

आता गळालेल्या नावाच्या प्रश्नाकडे परत यावयास हरकत नाही. फ्रेमिंगहॅमचे मूळ नागरिक जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे होते. गावातील इतर वंशांच्या लोकांचा पहिला स्वतंत्र गट अभ्यासात आला तो १९९४ मध्ये, म्हणजे आरंभानंतर ४६ वर्षांनी. त्या गावातील समीकरण अन्यत्र लावले तेव्हा काय घडले? ब्रिटिश पुरुषांवरील २००३ मधील एका परीक्षणात आणि चिनी लोकांवरील २००४ मधील परीक्षणात, समीकरणाने वर्तविलेली जोखीम प्रत्यक्षाहून अधिक ठरली. मात्र चिनी लोकांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षणीय होती. कोणाची जोखीम अधिक आणि कोणाची उणी, हा क्रम समीकरणाने बऱ्याच अंशी बरोबर लावला; चूक झाली ती एकंदर प्रमाणात. स्थानिक प्रमाण घालून समीकरण सुधारता येते, असे त्यावरून दिसून आले.

दक्षिण आशियाई लोकांच्या बाबतीत शंका उलट दिशेची आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात असे दिसले की, पहिल्या हृदयाघाताचा बहुतांश भार नऊ घटकांनी स्पष्ट होतो आणि हे घटक सर्व प्रदेशांत सारखेच आहेत. पण याच अभ्यासाच्या २००७ मधील विवेचनानुसार दक्षिण आशियात पहिल्या हृदयाघाताचे मध्यक वय ५३ वर्षे, तर अन्यत्र सुमारे ५९ वर्षे आढळले. घटक तेच, पण ते आपल्याकडे लवकर गोळा होतात.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचीच दोन छायाचित्रे प्रसिद्ध करून हा भेद मार्मिकपणे दाखविला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे शेकडा ९.१, तर याज्ञिक यांचे शेकडा २१.२. तराजू दोघांस समान म्हणतो. शरीरे समान नाहीत.

या अनुभवातून सारण्यांची रीत बदलत गेली. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये तयार झालेल्या नव्या सारणीत वस्तीच्या दारिद्र्याची आणि २००८ मधील तिच्या सुधारित आवृत्तीत वंशसमूहाचीही दखल घेण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या २१ विभागांसाठी निरनिराळे तक्ते दिले. त्यांत रक्ततपासणीची सोय नसलेल्या ठिकाणी वापरण्याचे तक्तेही आहेत. गळालेले नाव अंशतः का होईना पुन्हा लिहिले जाऊ लागले.

९

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक यादी जर सदोष, तर या ज्ञानावर भरवसा तरी का ठेवावा? इतिहासाच्या अभ्यासकास या आक्षेपाचे उत्तर देणे कठीण नाही. सदोष साधनांतून, त्यांचे दोष ओळखून आणि निरनिराळी साधने एकमेकांशी ताडून पाहूनच आपण भूतकाळ जाणतो. रक्तदाब आणि तंबाखू यांविषयीचे निष्कर्ष भक्कम मानावयाचे, ते एका नगराच्या अधिकारावर नव्हे. फ्रेमिंगहॅमची रहिवासी-यादी आणि मुंबईची मतदारयादी या इतक्या भिन्न हेतूंनी केलेल्या याद्या तंबाखूविषयी एकच साक्ष देतात म्हणून. जेथे साक्षी जुळत नाहीत, उदाहरणार्थ वजन किंवा आहारातील मेद यांविषयी, तेथे संशोधनाची खरी जागा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जोखीम-घटकांची भाषा व्यक्तीशी बोलते : कमी खा, चाला, धूम्रपान सोडा. ती नगराशी बोलत नाही. लंडनचा चालक बसून राही तो आळसाने नव्हे. त्याची नोकरी तशी होती. मुंबईचा विडी ओढणारा कामगार आणि कृश क्षयरोगी यांचे शरीर त्यांच्या वस्तीने, कामाच्या तासांनी आणि मजुरीने घडविले होते. या गोष्टी ज्या सारणीत मोजल्या जात नाहीत, त्या सारणीत त्यांचा दोष आपोआप व्यक्तीच्या माथी येतो. यादीत कोणाची नावे नाहीत हा जसा प्रश्न आहे, तसाच यादीत कोणते रकाने नाहीत हाही आहे.

या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस आपल्या प्रांतात साधनांचा तुटवडा नाही. नगरपालिकांच्या मृत्युनोंदी, कारखान्यांची हजेरीपत्रके, रेल्वेची वैद्यकीय दफ्तरे आणि मतदारयाद्या यांत नागर शरीराचा इतिहास विखुरलेला आहे. तो वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एकट्याने वाचावयाचा नाही आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही नाही. पहिल्यास अंकांची परीक्षा येते, दुसऱ्यास यादीची. वैद्याच्या टेबलावर उच्चारल्या जाणाऱ्या त्या एका अंकाचा अर्थ समजून घेण्यास दोन्ही परीक्षा आवश्यक आहेत. कारण त्या अंकावर ज्याचे औषध ठरते, तो मनुष्य मूळ यादीत बहुधा कधीच नव्हता.